चार चाकं, एक पेडल: वेगवान गाड्यांमधलं एबीएस कुठे साथ देतं, कुठे अडवतं

ट्रॅकवरचा लांब सरळ रस्ता संपत आलाय. गाडी ताशी २०० किलोमीटरवर आणि समोर जवळजवळ काटकोनातलं वळण. ड्रायव्हर जोरात ब्रेक मारतो आणि पुढचं एक चाक जाम होतं. बाहेर उभ्या असलेल्यांना पांढरा धूर दिसतो. आत बसलेल्याला त्याआधी स्टिअरिंग कळवतं. ते एकदम हलकं होतं, वळवलं तरी गाडी नाकासमोर सरळ जात राहते. त्या वेगाला सेकंदाच्या दहाव्या भागात साडेपाच मीटर मागे पडतात. पाय सैल करून चाक पुन्हा फिरतं करेपर्यंत टायरचा एकच भाग रस्त्यावर घासून सपाट झालेला असतो. मग पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी, येईपर्यंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो सपाट भाग आपटत राहतो, धड-धड-धड, आणि हाताला त्याची आठवण करून देत राहतो. त्या टायरवर पुढे वेगात गाडी चालवण्यात अर्थ नसतो.

हा प्रकार होऊ नये म्हणून एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेक. घरच्या साध्या गाडीत ते असावं याबद्दल आता कुणी वाद घालत नाही. पण गाडी ट्रॅकवर न्यायची म्हटली की वाद सुरू होतो. कुणी म्हणतं, चांगल्या ड्रायव्हरला त्याची गरजच नाही. कुणी म्हणतं, त्याच्याशिवाय पावसात ट्रॅकवर उतरणार नाही. दोन्ही बाजूंकडे आपापला अनुभव असतो आणि बहुतेकदा तो खराच असतो. हे कसं, ते कळण्यासाठी आधी टायर आणि रस्ता यांच्यात काय घडतं ते बघायला हवं.

ब्रेक गाडीला थांबवत नाहीत, फक्त चाकाला थांबवतात. गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला रेटा. आणि हा रेटा मिळण्यासाठी टायर थोडासा घसरावाच लागतो. गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली आहे आणि ब्रेक लागलेलं चाक मात्र ९० किलोमीटरच्या वेगाला शोभेल इतकंच फिरतंय, तर त्याला १० टक्के स्लिप म्हणतात. टायरचं रबर तेव्हा ताणलं गेलेलं असतं, डांबरातल्या बारीक खडबडीत कडांना धरून असतं. साधारण १० ते २० टक्के स्लिपच्या दरम्यान पकड सगळ्यात जास्त असते, तेच पकडीचं शिखर. त्यापलीकडे गेलं की पकड उतरायला लागते आणि चाक पूर्ण थांबलं, म्हणजे स्लिप १०० टक्के झाली, की रबर नुसतं फरफटत जातं. ओल्या रस्त्यावर हा फटका फार मोठा असतो, कोरड्या डांबरावर त्यामानाने कमी. पण फरफटणाऱ्या टायरला दिशा नसते, हे दोन्हीकडे सारखंच. पुढचं चाक जाम झालं तर गाडी वळत नाही. मागचं जाम झालं तर शेपटी पुढे यायला बघते, आणि ते जास्त भयंकर.

यातली अडचण अशी की शिखर गाठेपर्यंत टायर बऱ्यापैकी सांगत असतो, पण शिखर ओलांडल्यावर सगळं पापणी लवायच्या आत संपतं. ब्रेकचा दाब तोच आणि पकड मात्र कमी झाली, म्हणून चाक आणखी मंदावतं, त्यामुळे पकड आणखी कमी होते. ड्रायव्हरला कळेपर्यंत चाक थांबलेलं असतं. कसलेले ड्रायव्हर त्या शिखराच्या अगदी अलीकडे पाय रोखून धरतात. याला थ्रेशोल्ड ब्रेकिंग म्हणतात. ते जमायला वर्षं लागतात, आणि ज्याला जमतं त्यालाही प्रत्येक वेळी जमत नाही.

आता एबीएस काय करतं ते पाहू. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकीय कड्यावरून तो चाकाचा वेग मोजतो. गाडीच्या नाकाखाली कुठेतरी एक ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवलेला असतो. त्यात व्हॉल्व्ह, एक छोटा पंप आणि त्याला चिकटून कंट्रोल युनिट. एखादं चाक संशयास्पद झपाट्याने मंदावलं की त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलची वाट बंद होते, म्हणजे तुम्ही पेडल कितीही दाबा, त्या चाकावरचा दाब वाढत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून थोडं ऑइल मागे सोडलं जातं. चाक पुन्हा वेग धरतं, मग दाब परत वाढवला जातो. रोखायचं, सोडायचं, वाढवायचं, हे चक्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा चालू शकतं. पायाखाली पेडल थरथरतं आणि खालून घर्रघर्र आवाज येतो, तो याचाच.

पहिल्यांदा ती थरथर जाणवली की खूप जण घाबरून पाय उचलतात. नेमकं तेच करायचं नसतं.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते ट्रॅकवरचा सगळा वाद तिच्यात दडलेला आहे. स्लिप काढायची तर दोन वेग माहीत हवेत, चाकाचा आणि गाडीचा. चाकाचा वेग सेन्सर सांगतो. गाडीचा खरा वेग मात्र यंत्रणेला कुणीच थेट सांगत नाही. ती तो अंदाजाने काढते: चारही चाकांचे वेग बघून, गाडी किती झपाट्याने मंदावू शकते याचा हिशोब लावून, आणि नव्या गाड्यांत प्रवेगमापक सेन्सरची मदत घेऊन. अंदाज बरोबर तोपर्यंत एबीएस माणसाच्या आवाक्याबाहेरचं काम करतं. अंदाज चुकला की ते ठाम विश्वासाने चुकीचं वागतं.

आधी आवाक्याबाहेरच्या कामाबद्दल. ड्रायव्हरकडे चाकं चार आणि पेडल एकच. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. वळताना ब्रेक मारला तर आतल्या बाजूची चाकंही हलकी होतात. म्हणजे कुठल्याही क्षणी चारही टायरांची पकड वेगवेगळी असते. एकाच पायाने चारही टायर शिखरावर ठेवता येत नाहीत. सगळ्यात कमजोर चाक जाम होऊ नये इतपतच दाब देता येतो, आणि त्या बेतात बाकीच्या टायरांची थोडी ताकद वाया जाते. एबीएस हलक्या झालेल्या आतल्या चाकाचा दाब एकट्याचा उतरवतं आणि बाहेरच्या चाकाला पूर्ण काम करू देतं. डावी चाकं ओल्यात, उजवी कोरड्यात असतील तर हा फरक आणखी ठळक होतो. जगातला सर्वोत्तम पायसुद्धा इथे हतबल आहे, कारण त्याच्या हातात चार नळ नाहीतच. चांगला ड्रायव्हर एबीएसला हरवतो असं कुणी म्हटलं की मला म्हणूनच विचारावंसं वाटतं, कुठल्या एबीएसला आणि कुठल्या रस्त्यावर?

दुसरा फायदा सातत्याचा. शर्यतीच्या पहिल्या तासात थ्रेशोल्ड ब्रेकिंग अचूक जमलं तरी चौथ्या तासात, टायर झिजलेले, अंगात थकवा आणि वरून पाऊस सुरू झालेला, तेव्हा ते तितकंच जमेल याची खात्री नाही. आणि एक चूक म्हणजे एक टायर.

शर्यतवाल्यांना हे फार आधी कळलं होतं. डनलॉपची मॅक्सारेट ही यांत्रिक अँटी-लॉक यंत्रणा १९५० च्या दशकात विमानांच्या चाकांसाठी आली. ओल्या धावपट्टीवर उतरताना टायर फुटू नयेत म्हणून. तीच पुढे फर्ग्युसन पी९९ या चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या रेसिंग गाडीत बसवली गेली. याच गाडीने १९६१ साली ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसला इंग्लंडमधल्या ऊल्टन पार्क ट्रॅकवरची गोल्ड कप शर्यत जिंकून दिली. १९६६ च्या जेन्सन एफएफमधून मॅक्सारेट रस्त्यावरच्या गाडीत आली. पण प्रत्येक चाकावर लक्ष ठेवणारी आजच्यासारखी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा रुळली ती १९७८ पासून, बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ती एस-क्लासमध्ये आणल्यावर. १९९३ साली विल्यम्सच्या एफडब्ल्यू१५सी या फॉर्म्युला वन गाडीत एबीएस होतं आणि त्या वर्षीचं विजेतेपद अ‍ॅलन प्रॉस्टने त्याच गाडीत मिळवलं. १९९४ पासून फॉर्म्युला वनमध्ये त्यावर बंदी आली. बंदीचं कारण एबीएस धीमं होतं असं नव्हे. ड्रायव्हरला मदत करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच काढून टाकायच्या, कसब ड्रायव्हरचं दिसलं पाहिजे, असा तो निर्णय होता. म्हणून आज फॉर्म्युला वनमध्ये चाकं जाम होऊन धूर निघताना दिसतो. दुसरीकडे जीटी३ वर्गाच्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांत एबीएस सर्रास असतं, कारण तिथे व्यावसायिक ड्रायव्हरच्या जोडीला हौशी ड्रायव्हरही त्याच गाडीत बसतात.

मग फेरारी एफ४०, मॅकलॅरेन एफ१, फेरारी एफ५०, सुरुवातीच्या डॉज वायपर यांसारख्या गाड्या एबीएसशिवाय का आल्या? या काही स्वस्तातल्या गाड्या नव्हत्या. एक कारण वजनाचं. तेव्हाचे एबीएसचे ठोकळे आजच्या कितीतरी पट जड होते. दुसरं कारण पेडलच्या जाणिवेचं. तेव्हाची यंत्रणा दाब मोठमोठ्या टप्प्यांत सोडायची आणि परत द्यायची, त्यामुळे टायर शिखराच्या अलीकडे-पलीकडे झोके खात राहायचा. सरासरी पकड कमी मिळायची आणि पायाला मिळणारी माहिती त्या धक्क्यांत हरवायची. तरबेज ड्रायव्हर कोरड्या ट्रॅकवर त्या यंत्रणेपेक्षा कमी अंतरात थांबू शकत होता, आणि ती गाडी बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तोच ड्रायव्हर होता. त्या काळापुरता तो निर्णय मला समजतो. पण त्या काळचा निष्कर्ष आजच्या यंत्रणेवर चिकटवणं चुकीचं आहे. आजचे व्हॉल्व्ह दाब बारीक-बारीक टप्प्यांत बदलतात, आणि चांगल्या गाडीत कोरड्या रस्त्यावर एबीएस लागलं तरी पेडलला जेमतेम कंप जाणवतो.

आता तोट्यांकडे. यातला सगळ्यात गंभीर प्रकार ट्रॅकवर नियमित जाणाऱ्यांत ‘आइस मोड’ या नावाने ओळखला जातो. मी तो एकदा स्वतः अनुभवला आहे आणि विसरू शकत नाही. उतारावरचं वळण होतं, ब्रेक मारायच्या जागीच रस्त्याला एक उंचवटा होता. आधीच्या फेरीपेक्षा थोडा उशिरा आणि बराच झटक्याने ब्रेक मारला. पेडल लाकडासारखं कडक झालं आणि गाडी मंदावेचना. पूर्ण ताकदीने दाबूनही जणू कुणी हलकेच ब्रेक लावलाय इतकाच परिणाम. पाय उचलून परत दाबला तेव्हा ब्रेक लागले, पण तोवर वळण निघून गेलं होतं. पलीकडे मोकळी जागा होती म्हणून निभावलं.

पिटमध्ये येऊन चाकं, डिस्क, नळ्या सगळं तपासलं, काही बिघडलं नव्हतं. झालं होतं ते असं. झटक्याने ब्रेक मारला तेव्हा वजन अजून पुढच्या टायरांवर यायचं होतं. त्यात उंचवट्यावर चाकं क्षणभर हलकी झाली. हलक्या चाकांवर एवढा मोठा दाब, म्हणून ती एकाच वेळी प्रचंड झपाट्याने मंदावली. यंत्रणेच्या हिशोबात चाकं अशी एकदम बसणं कोरड्या डांबरावर होत नाही, बर्फावर होतं. तिने खालचा रस्ता निसरडा धरला, दाब उतरवला आणि बर्फावर द्यावा तसा हळूहळू परत द्यायला लागली. पेडल कडक लागलं कारण ऑइलची पुढची वाट व्हॉल्व्हने बंद केली होती.

चिकट, शर्यतीसाठीचे टायर लावले की हा धोका वाढतो. कारखान्यात गाडीची यंत्रणा ठरावीक टायरांवर बसवून लावलेली असते. त्या टायरांचं शिखर कुठे, गाडी जास्तीत जास्त किती झपाट्याने मंदावेल, हे आकडे तिच्यात भरलेले असतात. स्लिक, म्हणजे खाचा नसलेले शर्यतीचे टायर लावले की पकड खूप वाढते, शिखराची जागा बदलते, पण यंत्रणा जुन्याच आकड्यांवर चालते. पुढच्या आणि मागच्या टायरांच्या घेरातलं प्रमाण बदललं तरी तेच. सरळ जातानाही यंत्रणेला एक जोडी सतत हळू फिरतेय असं वाटतं आणि अंदाजाचा पायाच हलतो. रिम आणि टायर बदलणाऱ्यांनी रुंदीइतकंच लक्ष घेराच्या या प्रमाणाकडे द्यायला हवं, आणि नेमकं ते कुणी देत नाही.

आइस मोडवर उपाय काय? पहिल्या क्षणी पेडलवर लाथ मारायची नाही. आधी दाब, मग वजन पुढे येऊ दे, मग पूर्ण ताकद. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत होतं, पण तेवढा क्रम पुरेसा असतो. आणि पेडल कडक झालंच तर जास्त जोर लावून उपयोग नाही, क्षणभर पूर्ण सोडून पुन्हा दाबायचं. त्या क्षणी पाय उचलणं मनाला अजिबात पटत नाही, म्हणून ते आधीच ठरवून ठेवावं लागतं.

खडी, सैल माती किंवा ताजा बर्फ असेल तर गणित आणखी वेगळं. तिथे जाम झालेलं चाक पुढे मातीचा ढीग लोटत जातं आणि तो ढीगच गाडीला अडवतो. एबीएस चाक फिरतं ठेवतं, ढीग तयार होऊ देत नाही, त्यामुळे थांबायचं अंतर वाढतं. मातीवरच्या रॅलीचे ड्रायव्हर चाकं मुद्दाम जाम करून गाडीची शेपटी फिरवतात. त्यांना एबीएस नको असतं ते याचसाठी.

ब्रेक तापण्याशी एबीएसचा काही संबंध नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. वेग दुप्पट झाला की ब्रेकला पचवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. ट्रॅकवर ही ऊर्जा दर फेरीला डिस्कमध्ये उष्णता होऊन साठत जाते. पॅड फार तापले की घर्षण घटतं, आणि ब्रेक ऑइल उकळलं की नळीत बुडबुडे होऊन पेडल तळाला जातं. डीओटी ४ चं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकलं पाहिजे असा दंडक आहे. पण हवेतला ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. चाक जामच होऊ शकत नाही इतकी ब्रेकची ताकद गेली असेल तर एबीएसला करण्यासारखं काही उरत नाही. आणि उलट बाजूने, एबीएस आहे म्हणून दर वळणाला पेडल तळापर्यंत ठोकत राहणारे लोक पॅड आणि टायर दोन्ही लवकर संपवतात.

जीटी३ चे ड्रायव्हर हे कसं हाताळतात ते बघण्यासारखं आहे. त्यांच्या स्टिअरिंगवर एबीएससाठी एक गोल बटण असतं, त्यावर अनेक पायऱ्या. कोरड्यात एक, पावसात दुसरी, टायर झिजत गेले की तिसरी. सरळ रस्त्यावर ते सुरुवातीचा मोठा दाब निःशंक देतात, पण एबीएस सतत घर्रघर्र करत राहील इतका खोल जात नाहीत. यंत्रणा जेमतेम स्पर्श करून जाईल अशा बेताने पाय ठेवतात आणि वळणात शिरताना दाब हळूहळू सोडत जातात. टायरकडे पकड ठरावीकच असते. ती थांबण्यात खर्च करा नाहीतर वळण्यात. वळताना पाय पूर्ण दाबून ठेवला तर एबीएस चाक जाम होऊ देणार नाही, पण गाडीचं नाक आत येणार नाही आणि फेरीचा वेळ जाईल. म्हणजे एबीएस असलेल्या गाडीतही ब्रेक कसा सोडायचा हे कसब ड्रायव्हरचंच राहतं.

शेवटी फ्यूजबद्दल, कारण हा सल्ला मी नको तितक्या वेळा ऐकला आहे: ट्रॅकवर जाताना एबीएसचा फ्यूज काढून टाक, गाडी मोकळी होईल. जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब मर्यादेत ठेवायला एक साधा यांत्रिक व्हॉल्व्ह असायचा. नव्या गाड्यांत बहुधा तो नसतो. मागच्या चाकांना किती दाब जाऊ द्यायचा हे एबीएसचाच ठोकळा, त्याच व्हॉल्व्हमधून ठरवतो. फ्यूज काढला की तेही बंद. जोरात ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, हलक्या झालेल्या मागच्या चाकांवर मात्र पूर्ण दाब पोचतो आणि ती पुढच्यांच्या आधी जाम होतात. वळणाच्या तोंडाशी, मोठ्या वेगात, गाडी गर्रकन फिरते. ज्याला एबीएसशिवाय चालवायचंच आहे त्याने पुढच्या-मागच्या दाबाचं प्रमाण हाताने ठरवता येईल असा व्हॉल्व्ह बसवावा, आणि आधी मोकळ्या जागी, सरळ रेषेत, कमी वेगात ब्रेक मारून बघावा. पुढची चाकं मागच्यांच्या आधी जाम होताहेत हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाने डोळ्यांनी बघून सांगितल्याशिवाय वेग वाढवू नये.